चार बाजूंचे शेत आणि भास्कराचार्य

मित्रहो, स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा असा निरोप आला. मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरे, पावसात कामवारीला आलेला पूर, मागच्या गल्लीतल्या मागांची खडखड आणि तिच्यावर आवाज चढवून शिकवणारे शिक्षक, या आठवणी तुमच्यापैकी कोणीतरी लिहीलच. मी एका माणसाचे चरित्र लिहायचे ठरवले आहे. तो आपल्या शाळेत येणे शक्य नव्हते, त्याला जाऊन आठशे वर्षे झाली. तरी आठवीच्या वर्गात तो एकदा येऊन गेला असे मला अजून वाटते.

आपल्या गणिताच्या सरांनी बांबूच्या चार सारख्या कामट्या टोकांना सुतळीने बांधून आणल्या होत्या, ते ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. त्यांनी तो चौकोन टेबलावर उभा धरला आणि वरून हळूहळू दाबला. चौरसाचा शंकरपाळा झाला, मग शंकरपाळ्याची फट झाली, शेवटी चारी कामट्या एकमेकींवर पडल्या. बाजू तेवढ्याच, मधली जागा मात्र गेली. सरांनी फळ्यावर भास्कराचार्य एवढेच लिहिले आणि तास संपला. पुढे मीही गणिताचाच मास्तर झालो, आणि त्या एका नावाच्या मागे बरीच वर्षे फिरलो.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी थोडे लिहून ठेवले आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांच्या मानाने ते पुष्कळच म्हणायचे. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गोत्र शांडिल्य. गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे वाद झाले. कोणी बीडकडे बोट दाखवले, कोणी विजापूरकडे, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणकडे. घराण्याचा पक्का पुरावा पाटणलाच सापडला, म्हणून माझा कौल पाटणला. त्याविषयी पुढे येईलच. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि ग्रंथकार. मुलाने सगळी विद्या त्यांच्याकडेच घेतली आणि ते कृतज्ञतेने नोंदवून ठेवले. उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असे आपल्या शाळेच्या पुस्तकातही छापलेले होते. त्यांच्या ग्रंथांत किंवा घराण्याच्या लेखात त्याचा मागमूस नाही. घरात वडिलांनी मुलाला शिकवावे, मुलाने नातवाला, असाच तो सगळा कारभार दिसतो.

वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहून पुरा केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग अंकगणिताचा आणि भूमितीचा, आणि त्याच्याच जोरावर हा माणूस सातशे वर्षे घराघरांत राहिला. लीलावती ही त्यांची मुलगी, लग्नाचा मुहूर्त दाखवणाऱ्या घटिकापात्रात तिच्या अंगावरचा मोती पडून भोक बुजले, मुहूर्त टळला आणि वडिलांनी तिचे नाव ग्रंथाला देऊन तिचे सांत्वन केले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी. मूळ ग्रंथात कधी लीलावती या नावाने हाक आहे, कधी मित्राला, कधी वत्साला. गोष्ट गोड आहे, पण तिच्या नादात ग्रंथ वाचायचा राहून जातो, अशी माझी तक्रार आहे.

ग्रंथ उघडला की आधी बाजारच लागतो. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. मग गुंजा आणि वाल. मग लांबी: ८ यवांचे अंगुळ, २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, १० हातांचा वंश. आणि लगेच शेत: ज्याच्या चारी बाजू २०-२० वंशांच्या ते निवर्तन. म्हणजे २०० हात लांब, २०० हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर हे शेत आपल्या ८२ गुंठ्यांच्या आसपास, साधारण दोन एकर. बेरीज-वजाबाकी त्याच्यानंतर. आधी माप ठरवा, मग हिशेब करा, असा हा क्रम आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी उलट करत असे, आणि मुले रुपये आणि मीटर एकमेकांत मिळवून ठेवत.

पुढे धान्याची रास येते. जमिनीवर ओतलेल्या राशीचा घेर मोजायचा. घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, उंचीने गुणायचे. उंची मोजायला राशीत काठी खुपसायची गरज नाही, कारण ती धान्याच्या जातीवर ठरते: जाड धान्याची घेराच्या दहावा हिस्सा, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. भात हे कुसळाचे. ६० हात घेराची रास असेल तर जाड धान्य ६०० घनहात, म्हणजे ६०० खंडी (त्यांची खारी). बारीक ५४५ पूर्णांक ५/११. भात ६६६ पूर्णांक २/३. रास भिंतीला टेकली असेल, कोपऱ्यात असेल किंवा भिंतीच्या बाहेरच्या कोनाला वळसा घालून पडली असेल तर काय करायचे, तेही दिले आहे. आपल्या तालुक्यातल्या खळ्यावर वाढलेल्या कोणालाही हे वाचताना भाताचा वास येईल. घेराचा सहावा भाग का, हे मी दहावीच्या मुलांना सोडवायला देत असे. शंकूचे घनफळ आणि पायची किंमत ढोबळ ३ धरली की आपोआप निघते. खळ्यावर तेवढे पुरते. अचूक काम असेल तिथे त्यांनी पायसाठी ३९२७/१२५० हा अपूर्णांकही दिला आहे.

आता त्या कामट्या.

भास्कराचार्यांच्या काळी, आणि खरे सांगायचे तर आपल्या आजोबांच्या काळापर्यंत, शेताचे क्षेत्र काढायची सोपी रीत अशी: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्या आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करा. ब्रह्मगुप्ताने पाच शतके आधी हिला ढोबळ म्हटले होते आणि चारी बाजूंवरून क्षेत्र काढायचे अधिक सुबक सूत्रही दिले होते. भास्कराचार्य ब्रह्मगुप्ताला फार मानत. तरी इथे त्यांनी त्याचे सूत्र चौकोनासाठी अस्फुट ठरवले आणि कारण दिले: नुसत्या चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही, कर्ण किंवा लंब सांगावा लागतो. एरवी सौम्य असलेला हा लेखक इथे चिडलेला दिसतो. कर्ण न सांगता ठरावीक क्षेत्र विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. मग लगेच उदाहरण. चारी बाजू २५. एक कर्ण ३० घेतला तर दुसरा ४० येतो, क्षेत्र ६००. एक कर्ण १४ घेतला तर दुसरा ४८, क्षेत्र ३३६. चौरस केला तर ६२५. शेताला फिरवलेली दोरी तिन्ही वेळा १००च. सरासरीची रीत आणि ब्रह्मगुप्ताचे सूत्र, दोन्ही तिन्ही शेतांना ६२५ म्हणतात. ब्रह्मगुप्तावर यात थोडा अन्याय झाला, कारण ज्या चौकोनाचे चारी कोन एका वर्तुळावर बसतात तिथे त्याचे सूत्र तंतोतंत खरे आहे आणि भास्कराचार्यांच्या ते लक्षात आले नाही. पण शेते काही वर्तुळात बसायला बांधलेली नसतात.

३३६ आणि ६२५ यांतला फरक घरात आला की काय होते ते मी पाहिले आहे. आजोबा गेल्यावर आमच्या शेताची वाटणी वडील आणि काका यांच्यात झाली. गावातल्याच एका जाणत्या माणसाने दोरीने चारी बाजू मोजल्या, सरासरी काढली, वीस वीस गुंठे दोघांना. काकांचा तुकडा चौकोनी, आमचा ओढ्याकडे तिरका पडलेला. बाजू जवळजवळ सारख्या. पुष्कळ वर्षांनी रीतसर मोजणी झाली तेव्हा आमचा तुकडा सतराही भरला नाही. काकांनी मुद्दाम काही केले नव्हते, दोरी धरणाऱ्यानेही नाही. पण मधली अकरा वर्षे दोन्ही घरांत लग्नपत्रिकेपुरतेच बोलणे होते. त्या जाणत्या माणसाला पिशाच म्हणायचे माझ्या जिवावर येते. त्याला कोणी कर्ण मोजायला शिकवलेच नव्हते.

हेच दुखणे त्याच शतकात आणखी एका माणसाला जाणवले होते, ते मला फार उशिरा समजले. ठाण्याच्या एका शाळेत मी काही वर्षे होतो. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्रायल शिक्षक बसत. शनिवारी ते टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये जात; कोकणात त्यांच्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्रैराशिक शिकवताना ते तोरामधल्या एका प्रकरणाचा आधार घेत. लेवीय या ग्रंथाच्या २७व्या अध्यायात शेत देवाला वाहिले तर त्याची किंमत कशी धरायची ते सांगितले आहे. मोजमाप बियाण्यावर: ज्या शेताला एक होमेर जव पेरायला लागतात त्याचे ५० शेकेल. आपल्याकडची जुनी माणसेही शेत केवढे म्हटले की किती पायली बियाणे लागते ते सांगत, तसेच. दर पन्नासाव्या वर्षी जमिनी मूळ घराण्याकडे परत जात, म्हणून त्या वर्षाला जितकी वर्षे उरली असतील त्या प्रमाणात किंमत कमी करायची. देणाऱ्याला शेत सोडवून घ्यायचे असेल तर वर पाचवा हिस्सा. नंतरच्या धर्मशास्त्रींनी दर वर्षाला एक शेकेल आणि वर एक छोटे नाणे असा दर बसवला, आणि शेतातला दहा मुठींपेक्षा उंच खडक किंवा तेवढाच खोल खड्डा मोजणीतून वगळला. आपल्या सातबारावर पोटखराबा लिहितात ना, तोच हा. मुलांना ही गणिते आवडत, कारण त्यांत खरे शेत होते.

या धर्मनियमांसाठीच बार्सिलोनात अब्राहम बार हिय्या याने हिब्रू भाषेत मोजणीचा ग्रंथ लिहिला. जमिनीची वाटणी न्यायाने करा अशी तोराची आज्ञा, आणि फ्रान्सकडचे ज्यू विद्वान भूमिती न शिकल्यामुळे शेते चुकीची वाटतात, एकाचे दुसऱ्याला जाते, ही त्याची तक्रार. ११४५ मध्ये तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोप त्यातून वर्गसमीकरणे शिकला. पाच वर्षांनी इकडे लीलावती पुरी झाली. दोघांना एकमेकांची खबर असायचे कारण नाही. दोघांसमोर तिरके शेत होते.

त्याच अध्यायात माणसांचीही किंमत आहे, आणि इथे आमचे दोघांचे बरेच बोलणे झाले. नवस म्हणून स्वतःचे मोल देवाला द्यायचे तर २० ते ६० वर्षांच्या पुरुषाचे ५० शेकेल, बाईचे ३०. साठीच्या पुढे १५ आणि १०. श्रीमंत-गरीब, धट्टाकट्टा-अपंग, सगळ्यांना तोच दर, आणि ऐपत नसेल तर पुरोहिताने कमी करायचा. लीलावतीत व्यस्त त्रैराशिकाखाली विक्रीचा हिशेब आहे. वय वाढेल तशी किंमत उतरते असे धरून, १६ वर्षांची स्त्री ३२ निष्कांना तर २० वर्षांची कितीला, असा प्रश्न. उत्तर २५ पूर्णांक ३/५. लगेच पुढे बैल: दोन वर्षे जुवाला जुंपलेला ४ निष्कांना, तर सहा वर्षे जुंपलेला कितीला. उत्तर १ पूर्णांक १/३. बाई आणि बैल एकाच रीतीत, ओळीने. भास्कराचार्यांच्या गावच्या बाजारात जे चालत होते तेच त्यांनी उदाहरणात घेतले, हे मला कळते. तरी हे उदाहरण मी वर्गात कधीच घेतले नाही, नुसत्या बैलावर भागवले. समोर सोळा वर्षांच्या मुली बसलेल्या असत. आता निवृत्तीनंतर वाटते की घ्यायला हवे होते, आणि गणित सुटल्यावर मुलींना बोलू द्यायला हवे होते. आपल्या वर्गातल्या मैत्रिणींनी याविषयी मला स्नेहसंमेलनात जरूर सुनवावे.

सिद्धांतशिरोमणीनंतर भास्कराचार्य थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच टीका लिहिली, कारण नियम का खरा हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गोलाध्यायात त्यांनी लल्लाचार्यांचे गोलाच्या पृष्ठफळाचे सूत्र चुकीचे म्हणून दाखवून दिले; चेंडूचे पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असते, हे त्यांनी गोल तुकड्यांत कापून पटवले. वयाच्या ६९व्या वर्षी, शके ११०५ मध्ये, पंचांगाच्या रोजच्या कामासाठी त्यांनी करणकुतूहल लिहिला. हा त्यांचा शेवटचा ज्ञात ग्रंथ. पंचांगे करणारे लोक तो पुढे शतकानुशतके वापरत राहिले.

त्याच सुमाराला आपल्या परिसरात काय होते, तेही सांगतो. आपल्यातले किती जण लोनाडची लेणी पाहायला सायकलने गेले होते! त्या लोनाडला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०६चा शिलालेख सापडला आहे, करणकुतूहलानंतर अवघ्या एका वर्षाचा. तालुक्यातलेच भादाणे हे गाव त्याच्याही आधी, शके ९१९ मध्ये, लोनाडच्या देवाला दान दिल्याचा ताम्रपट आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची अपरार्क ही मोठी टीका शिलाहार घराण्यातल्याच अपरादित्य राजाच्या नावावर आहे, आणि त्या स्मृतीत शेताच्या बांधाचे तंटे कसे सोडवायचे याचे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे घाटाच्या वर चौकोनाचा कर्ण मोजा म्हणून कोणी सांगत होते, आणि घाटाच्या खाली बांध कोणाचा याचा कायदा लिहिला जात होता.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपाळाने पाटणहून बोलावून घेऊन आपल्या पदरी पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने पाटणला मठ काढला. आजच्या भाषेत गणिताची आणि ज्योतिषाची शाळाच. तिथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये तिला उत्पन्न लावून दिले. ते सगळे कोरलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये जगापुढे आणला. घराण्याची वंशावळ त्यात आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि मग आपले भास्कराचार्य.

लेखाचा वरचा भाग संस्कृतात, विद्वत्तेची स्तुती करणारा. शेवटी मात्र भाषा एकदम जुनी मराठी होते, कारण आता पैशाचा मामला आहे आणि तो बाजारातल्या माणसाला कळायला हवा. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला. प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. आणि बाजारात जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापायचे; मापाची जी पट्टी मिळेल तिच्यातली अर्धी मापाऱ्याची, अर्धी मठाची. लीलावती शिकणाऱ्या पोरांच्या पोटापाण्याची सोय धान्याच्या मापावर झाली होती. आणि माप खरे राहावे हे पाहायला त्या मठाइतके लायक ठिकाण दुसरे कुठले असणार? खंडी म्हणजे किती घनहात, हे तिथल्या बारा वर्षांच्या मुलालाही पाठ असेल.

मी पाटणला दोनदा गेलो. कल्याणहून गाडीने चाळीसगाव, तिथून अठरा-एक किलोमीटर रस्ता, गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी पाटणादेवीचे देऊळ. पावसाळ्यानंतर गेले तर ओढे वाहते असतात आणि मागे डोंगराची भिंत उभी असते. मठ उरलेला नाही. दुसऱ्या खेपेला मी चार कामट्या आणि सुतळी घेऊन गेलो होतो. देवळाच्या पायरीवर बसून गुरे राखणाऱ्या दोन मुलांना तो चौकोन दाबून दाखवला. त्यातल्या धाकट्याने दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत एक काडी आडवी घालून तो पक्का करून मला परत दिला.

स्नेहसंमेलनानंतर जमत असेल त्यांनी नोव्हेंबरात सोबत यावे. पहाटेची गाडी धरली तर रात्री घरी परत येता येते.